धास्तीताईची न हलणारी जमीन

धास्तीताईबद्दल वायरलेसवाल्याला खरं तर फार थोडं माहीत होतं. एकाच कचेरीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दोन खोल्यांत दोघांची अर्धीअधिक नोकरी गेली. मधे अरुंद बोळ आणि बोळात पिण्याच्या पाण्याचं पिंप. एवढं जवळ असूनही तिचे आईवडील कोण, ती एकटी का राहिली, संध्याकाळी घरी गेल्यावर काय करते, हे त्याला कधी कळलं नाही. त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिच्याविषयी सांगायला तिला नीट ओळखणारं दुसरं कुणी असतं तर बरं झालं असतं. पण तसं कुणी पुढे आलं नाही, आणि त्या एका सकाळी तिच्या शेजारी उभा होता तो वायरलेसवालाच.

धास्तीताई हे कचेरीने ठेवलेलं नाव. तोंडावर ताई, पाठीमागे धास्तीताई. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं होतं असंही म्हणता येत नाही. जिना चढताना ती कठडा धरायची, उतरताना दोन्ही हातांनी धरायची. लिफ्टमध्ये तिने कधी पाऊल ठेवलं नाही. खोलीला कुलूप लावून फाटकापर्यंत गेली की परत वर यायची आणि ते ओढून बघायची. पिशवीत चष्म्याची दुसरी जोडी असायची, आणि ती हरवली तर म्हणून तिसरी. कुणी मागून हाक मारली की आधी हात छातीवर जायचा, मग मान वळायची. आणि जिने उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता, त्या बाईचं पोट समुद्रावर चालत होतं.

तिचं काम वायरलेसवाल्याला बरीच वर्षं समजलंच नाही. तो आपला बोटींशी बोलायचा, बंदरातून कोण निघालं, कोण पोचलं याची खबर ठेवायचा. ती दिवसभर पडद्यावरच्या लालनिळ्या डागांकडे बघत बसायची. एकदा चहा घेताना त्याने धीर करून विचारलं.

"ताई, ते लाल-निळं म्हणजे नेमकं काय असतं?"

तिने कप खाली ठेवला, तो टेबलाच्या कडेला नाही ना हे बघितलं, आणि मग सांगितलं. वर एक उपग्रह फिरतो. तो समुद्राकडे तिरप्या नजरेने बघतो आणि रडारची लहर सोडतो. ती पाण्यावर आपटून परत जाते. पाणी जर उपग्रहाच्या दिशेने सरकत असेल तर परतलेली लहर जराशी वेगळी असते, लांब सरकत असेल तर आणखी वेगळी. "गाडीचा भोंगा जवळ येताना वेगळा ऐकू येतो आणि पुढे गेल्यावर वेगळा, तसंच," ती म्हणाली. "त्या फरकावरून पाणी कुठल्या बाजूला आणि किती जोरात चाललंय ते काढायचं. वाऱ्याने ज्या बारीक लाटा उठतात त्यांचा हिस्सा त्यातून वजा करायचा. उरेल तो प्रवाह, बहुतेक."

"म्हणजे तुमचा उपग्रह समुद्राची नाडी बघतो."

"नाडीबिडी नाही हो काका. पुढे येतोय का मागे जातोय, एवढंच. तेही बहुतेक."

'बहुतेक' हा तिचा शब्द होता. आज मंगळवार आहे का विचारलं तरी ती बहुतेक म्हणाली असती.

पण मुख्य गोष्ट तिने शेवटी सांगितली. उपग्रह स्वतःच भयंकर वेगाने धावत असतो, त्याची मान किंचित जरी कलली तरी सगळे आकडे बिघडतात. म्हणून आधी जमिनीकडे बघायचं. जमीन काही हलत नाही. चित्रात जमिनीचा जो काही वेग दिसेल तो खोटा, तेवढा सगळीकडून काढून टाकायचा. जमीन शून्यावर आणली की समुद्राचं खरं कळतं.

हे कचेरीत पसरलं आणि मग रोज सकाळी कुणी ना कुणी तिच्या दारातून डोकं घालायचं. "काय ताई, जमीन जागेवर आहे ना?"

ती मान वर न करता म्हणायची, "अजून बघितली नाही."

त्यात थट्टा असावी असं लोकांना वाटायचं. वायरलेसवाल्याला मात्र तशी कधी खात्री वाटली नाही.

त्या सकाळी धुकं असं होतं की कचेरीच्या खिडकीतून खालचं झाडही दिसत नव्हतं. वारा जवळजवळ पडलेला. खाडीच्या तोंडाशी जे दिव्यांचे बोये तरंगतात, त्यांची देखभाल करणारी लहान लाकडी बोट उजाडायच्या आधीच बाहेर पडली होती. बोटीवर तिघे होते. त्यांतला इंजिन सांभाळणारा वायरलेसवाल्याचा मुलगा.

वायरलेसवाला कामावर येऊन बसतो न बसतो तोच मुलाचा आवाज आला. वायरलेसवर बापलेकाचं नातं चालत नाही, म्हणून मुलगा नेहमीसारखंच "केंद्र, केंद्र" म्हणाला. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"केंद्र, इंजिन बसलंय. नांगर टाकला होता, दोर तुटला. आम्ही वाहतोय. काही दिसत नाही."

"कुठल्या बोयापाशी आहात?"

"होतो. आता कुठे आहोत माहीत नाही. बॅटरी पण जातेय, बा..."

पुढचा शब्द 'बाबा' होता का 'बाकी' होता, ते कळायच्या आत खरखर सुरू झाली आणि मग तीही थांबली. वायरलेसवाला हाका मारत राहिला. पलीकडे काही नव्हतं.

बंदरात शोधाला जाण्यासारखी एकच टगबोट होती. तिचा कप्तान तोंडाचा फाटका, पण हाताचा पक्का. तो धक्क्यावरून निघता निघता वायरलेसवर विचारू लागला, "आत बघू का बाहेर? एकच सांगा. या धुक्यात दोन्हीकडे बघायला गेलो तर संध्याकाळ होईल."

प्रश्न खरा होता. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक चालत नाही. तिथे मोठा भोवरा फिरतो, आणि तो कधी पाणी आत खडकांकडे ओढतो, कधी बाहेर काढून मोठ्या जहाजांच्या वाटेवर नेऊन टाकतो. आत गेली तर बोट खडकावर फुटणार. बाहेर गेली तर धुक्यातून येणाऱ्या एखाद्या मालवाहू जहाजाला आपण काही चिरडलं हे कळणारसुद्धा नाही. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. एवढी लहान लाकडी बोट ताईच्या चित्रात दिसणं शक्य नव्हतं. तिथला एक ठिपका म्हणजे अख्खं गाव मावेल एवढं पाणी. पण पाणी कुठे चाललंय ते दिसलं असतं. उपग्रह त्याच पहाटे वरून गेला होता आणि त्याचं चित्र नुकतंच येऊन पडलं होतं.

वायरलेसवाला बोळ ओलांडून तिच्या दारात उभा राहिला. तिला सगळं ऐकू गेलं होतंच.

"तुमचा मुलगा आहे का त्या बोटीवर?"

"हो."

तिचा चेहरा एकदम उतरला. ती पडद्याकडे वळली आणि भराभर काम करू लागली. इतक्या वर्षांत तिला भराभर काही करताना त्याने पाहिलं नव्हतं. एरवी ती एकेका चित्राला तीनदा तपासायची. त्या दिवशी तिने एकदाच केलं.

"आत," ती म्हणाली. "पाणी आत ओढतंय. बहुतेक."

त्याने कप्तानाला आत सांगितलं. टगबोट खडकांच्या बाजूला वळली. कचेरीचे साहेब येऊन उभे राहिले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. कप्तान मधूनमधून भोंगा देत होता आणि थांबून ऐकत होता.

"काही नाही," तो सांगायचा. थोड्या वेळाने पुन्हा, "काही नाही."

मधेच टेबलावरचा फोन वाजला. वायरलेसवाल्याची बायको.

"अहो, तो दुपारी जेवायला येतोय ना? सूनबाई विचारतेय, भाजी वाढवू का?"

"वाढव," तो म्हणाला.

"आवाज का असा? घसा बसलाय का?"

"हो, बसलाय जरा." त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी जिन्यावरून वर आल्या. नेहमीपेक्षा उशीर झाला होता आणि साडी पोटऱ्यांपर्यंत भिजलेली. इथे काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. बोळातच त्यांनी चपला झटकल्या आणि बोलायला सुरुवात केली.

"आज काय पाणी आलंय हो. खालचा रस्ता सगळा बुडाला होता पहाटे. मी म्हटलं आता पोहतच जावं लागतंय कामाला. ओसरतंय पहाटेपासूनच, पण ओढ अशी की पाय ठरत नव्हता."

ताईच्या खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"मावशी, चिखलाच्या सपाट पट्ट्याच्या बाजूचा रस्ता?"

"तोच की. पट्टा कुठला आणि रस्ता कुठला, काही कळत नव्हतं. सगळं पाणीच पाणी."

वायरलेसवाल्याला उघड्या दारातून ती दिसत होती. ती परत पडद्यासमोर बसली आणि दोन्ही हात तोंडावर धरून तशीच राहिली. मग उठली, बोळ ओलांडला आणि त्याच्या खोलीत आली. कठडा नव्हता म्हणून भिंतीला धरून आली.

"काका," ती म्हणाली, "मी पाण्याला जमीन धरलं."

त्याला काही उमगलं नाही. साहेबांना उमगलं असावं, कारण त्यांचा हात त्याच्या खांद्यावरून खाली आला.

"नीट सांगा," साहेब म्हणाले.

तिने सांगितलं. एरवी ज्या टेकडीवरून ती शून्य धरायची, ती आज चित्राच्या कडेला आलीच नव्हती. जमीन म्हणून फक्त तो चिखलाचा पट्टा आला होता. नकाशात तो जमीन म्हणून काढलेला आहे, म्हणून तिने त्याला शून्यावर आणलं. पण पहाटे त्यावर पाणी होतं आणि ते पाणी समुद्रापेक्षाही जोरात बाहेर धावत होतं. रडारला खालचा चिखल दिसत नाही, वरचं पाणीच दिसतं. धावणाऱ्या पाण्याला तिने उभं मानलं, तेवढा वेग सगळ्या समुद्रातून काढून टाकला, आणि मग बाहेर जाणारा प्रवाह आत येताना दिसायला लागला.

"म्हणजे उलट?" साहेबांनी विचारलं.

"मला पुन्हा करावं लागेल. याच फेरीत, याच्या आधीच्या चित्रात डोंगर आलाय. त्याच्यावरून शून्य धरते." ती गेलीसुद्धा.

तो वेळ कसा गेला ते वायरलेसवाल्याला पुढे कधी सांगता आलं नाही. टगबोट खडकांशी भोंगा देत होती. मुलगा जर बाहेर असेल तर तो भोंगा त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. आणि जर पहिलंच बरोबर असेल आणि आपण टगबोट तिथून काढली, तर? त्याच्या मनात दोन्हीकडे मुलगा मरत होता.

ताई परत आली. "बाहेर," ती म्हणाली. "आणि जोरात."

साहेब चिडले नाहीत. तो माणूस वाईट नव्हता. त्याचंही धाबं दणाणलं होतं. "ताई, मघाशी आत, आता बाहेर. कप्तान आत्ता खडकांच्या तोंडाशी आहे. तिथून त्याला काढला आणि बोट तिथेच असली तर?"

"मला माहितेय."

"मग तुम्हीच सांगा त्याला. मला यातलं तेवढं कळत नाही आणि काकांच्या तोंडून वदवून घेणं बरोबर नाही."

ती माइकला कधी हात लावायची नाही. झटका बसेल असं तिला वाटायचं. त्या दिवशी तिने तो दोन्ही हातांनी धरला. वायरलेसवाल्याने बटण दाबून दिलं.

"कप्तान, मी वरच्या कचेरीतून बोलतेय. मी मघाशी चुकीचं सांगितलं. पाणी बाहेर जातंय. बोट बाहेर आहे."

"बाई, एकदा काय ते ठरवा," कप्तानाचा आवाज आला. "इथे मला माझं नाक दिसत नाहीये. मघाशी तुम्हीच म्हणालात ना आत?"

"म्हणाले होते. ती माझी चूक. बाहेर जा."

थोडी खरखर झाली. "वायरलेसवाला आहे का तिथे? त्याला द्या. अरे, पोरगा तुझा आहे. तू काय म्हणतोस?"

माइक त्याच्या हातात आला. तिने तो सोडला नव्हता. दोघांनी मिळून धरल्यासारखा तो मधेच होता. त्याने तिच्याकडे बघितलं. या बाईच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा? चष्म्याच्या तीन जोड्या बाळगणारी बाई, आणि सकाळपासून एकदा चुकलेली. पण तिने आत्ता 'बहुतेक' म्हटलं नव्हतं. त्याच्याशी नाही, साहेबांशी नाही, कप्तानाशीही नाही. इतक्या वर्षांत त्याने तिच्या तोंडून त्या शब्दाशिवाय एक ठाम उत्तर ऐकलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवर आपण मुलाचा जीव टाकला का, हे त्याने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि दुसरं काही हाती होतं असं त्याला कधी आठवलं नाही.

"बाहेर," तो म्हणाला.

"ठीक आहे," कप्तान म्हणाला. "वळतो."

मग वायरलेसवाल्याला निदान काम मिळालं. जहाजांच्या वाटेवर जे कुणी असेल त्याला हाका मारायच्या, वेग कमी करा, पुढे लहान बोट वाहतेय, दिवा नाही, आवाज नाही. दोन जहाजांनी उत्तर दिलं. एक जण म्हणाला, आमचं जहाज थांबवायचं म्हटलं तरी ते कुठल्या कुठे जाऊन थांबेल, पण बघतो. आणखी एक जहाज तिथे होतं, असं पहिल्याने सांगितलं. ते उत्तरच देत नव्हतं. वायरलेसवाला त्याला परत परत हाका मारत राहिला. ताई त्याच्या खुर्चीची पाठ धरून मागे उभी होती. तिच्या हाताच्या थरथरीने खुर्ची हलत होती आणि त्याला ती मणक्यात जाणवत होती.

कप्तानाचा भोंगा वायरलेसवरून ऐकू यायचा, मग शांतता, मग त्याचं "काही नाही."

आणि मग एकदा शांतता लांबली.

"थांबा," कप्तान म्हणाला. "कुणीतरी पत्रा बडवतंय."

मावशी झाडू धरून दारात उभ्या होत्या; एव्हाना त्यांनाही कळलं होतं.

"दिसले. तिघे आहेत. एकाचा हात मोडलेला दिसतोय, तो तुझा नाही. तुझा पोरगा ओकतोय आणि मला उशीर झाला म्हणून शिव्या देतोय, म्हणजे ठीक असावा. आणि ऐक, ते तिसरं जहाज आत्ता आमच्या शेपटीमागून गेलं. त्याने आम्हाला बघितलंही नाही. त्याच्या लाटेने आम्ही अजून हलतोय."

साहेब नाक शिंकरत होते. मावशी मोठ्याने रडायला लागल्या. ताईला काही सांगावं म्हणून वायरलेसवाला मागे वळला, तर खुर्चीमागे कुणी नव्हतं.

ती आपल्या खोलीत होती. पडद्यासमोर बसून तेच चित्र पुन्हा काढत होती.

"ताई, सापडले."

"ऐकलं मी. थांबा, आणखी एकदा बघते."

"आता काय बघायचंय?"

तिच्या गालांवरून पाणी येत होतं आणि हात चालत होते. तो दारात थोडा वेळ उभा राहिला आणि आपल्या खोलीत गेला.

त्यानंतर तिचं काही ठीक राहिलं नाही. धीट झाली असती तर सांगायला बरं वाटलं असतं, पण उलटच झालं. रोज सकाळी ती मावशींना गाठून पाणी कुठपर्यंत होतं ते विचारायची. एकेका चित्राला पूर्वी सकाळ लागायची, आता दिवस लागू लागला. तो पट्टा तिने नकाशातून काढून टाकायला लावला, मग टेकडीवरही तिचा भरवसा राहिला नाही. "जमीन जागेवर आहे ना?" असं कुणी विचारेनासं झालं. शेवटी तिने आपण होऊन बदली मागून घेतली. गावातल्याच दुसऱ्या एका कचेरीत, जिथे जुने नकाशे ठेवतात. तिथे कुणाला कुठे जायचं ते सांगावं लागत नाही.

ती जाण्याआधी वायरलेसवाल्याच्या बायकोने तिला जेवायला बोलवायला सांगितलं होतं. त्याने पिंपापाशी तिला गाठलं आणि निरोप दिला. मुलगाही येतोय, म्हणाला, त्याला तुम्हाला भेटायचंय.

"नको काका."

"अहो, का? तुमच्यामुळे तो आज..."

"मी आधी आत सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेवढा वेळ तो बाहेर वाहत होता. ते जहाज जरा लवकर आलं असतं तर?"

त्याने पेला पिंपावर पालथा घातला. तिच्या मनात त्या सकाळचा तो एवढाच तुकडा राहिला होता. पुढचा तुकडा, ज्यात त्याचा मुलगा पत्रा बडवत होता, तो तिने आपला मानलाच नाही. तिच्याबद्दल त्याला जे थोडं माहीत आहे त्यात हे सगळ्यांत पक्कं.

पुढे काही वर्षांनी ती गेली. झोपेतच गेली, असं साहेबांनी फोनवर सांगितलं. तिच्या घरी जाऊन भेटावं असं कुणीच नव्हतं, आणि तिचं घर कुठे होतं हेही वायरलेसवाल्याला माहीत नव्हतं.

त्याच्या थोडं आधी ती त्याला बसथांब्यावर भेटली होती. तो तेव्हा निवृत्त झाला होता. हाक मारली तर ती घाबरेल म्हणून तो वळसा घालून समोरून गेला. तरी तिचा हात छातीवर गेलाच.

"अगबाई. काका, तुम्ही होय."

"मीच. बऱ्या आहात ना?"

"आहे. मुलगा?"

"बरा आहे. पोट सुटलंय त्याचं."

"सुटू दे. अजून जातो समुद्रावर?"

"जातो. आजही गेलाय."

तिने मान उंच करून रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं. लख्ख ऊन होतं.

"आज धुकं नाहीये," ती म्हणाली.

"नाही, अजिबात नाही."

"बरं. चला, माझी बस आली."

"सावकाश चढा," तो म्हणाला.